कॅल्शियम देऊनही पाय वाकडेच? फॉस्फरस तपासा

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या बचत गटांचा हा आपला कार्यक्रम. आज विषय हाडांच्या एका आजाराचा आहे. आजार दुर्मीळ आहे. एवढा दुर्मीळ आजार गटाच्या बैठकीत कशाला सांगायचा, असं आम्हालाही आधी वाटलं होतं. पण आमच्याच एका गटाच्या वहीत तो तीन वेळा लिहिला गेला होता आणि आम्हाला तो दिसला नाही. म्हणून आज सांगतो आहोत.

वेल्ह्याकडच्या एका गटातल्या ताईंनी चार वर्षांत तीनदा अंतर्गत कर्ज काढलं. तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘औषधपाणी’. त्यांच्या दोन मुली आणि एक मुलगा. दोन्ही मुलींचे पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले. थोरली सहा वर्षांची, पण उंचीने चार वर्षांची वाटायची आणि चालताना बदकासारखी डुलायची. धाकटी अडीच वर्षांची. मधला मुलगा मात्र सरळ पायांचा, धडधाकट. गावात बोललं जायचं, “मुलाला दूध पाजते आणि मुलींना ताकावर ठेवते.” सासूबाईही तेच म्हणायच्या. आणि आम्ही? आम्ही बैठकीत त्यांना समजावलं की नाचणी खाऊ घाला, मुलींना उन्हात खेळू द्या, मुलगा-मुलगी भेद करू नका. सल्ला वाईट नव्हता, पण त्या घरात तो चुकीचा होता. ताई मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आज त्यांच्या घरची गोष्ट सांगत आहोत.

साधा मुडदूस आणि हा मुडदूस

लहान मुलांची हाडं मऊ राहून वाकतात त्याला आपण मुडदूस म्हणतो. नेहमीचा मुडदूस होतो तो ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा खाण्यात कॅल्शियम कमी असल्याने. आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार महिने सूर्य नीट दिसत नाही, लेकरं घरात असतात. अशा मुडदुसाला ऊन, नाचणी, दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं ‘ड’ जीवनसत्त्व हाच उपाय. उन्हाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हापेक्षा दहा-अकरानंतरच्या उन्हात अंगात ‘ड’ जीवनसत्त्व जास्त तयार होतं. हा मुडदूस औषध नीट घेतलं की काही महिन्यांत सुधारायला लागतो.

पण काही मुलांचा मुडदूस या औषधाला दादच देत नाही. १९३७ साली अमेरिकेत फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांनी असा एक रुग्ण पहिल्यांदा नीट अभ्यासून मांडला. पुढे कळलं की अशा मुलांच्या रक्तात फॉस्फेट कमी असतं आणि ही गोष्ट घराण्यातून येते. या आजाराचं नाव आहे एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया, थोडक्यात एक्सएलएच. नाव पाठ करायची गरज नाही. ‘फॉस्फरस कमी असल्याचा मुडदूस’ एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

साधारण वीस हजार जन्मांत एक बाळ या आजाराचं असतं, असा जगभरचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत भोर आणि वेल्हे मिळून लोकसंख्या दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. हिशोब मांडला तर आपल्या दोन तालुक्यांत असे दहा-बारा जण असू शकतात. ते कुणाच्या तरी घरात आहेत, आणि बहुधा त्यांच्या आया अजून कॅल्शियमच्या बाटल्याच आणत आहेत.

बांधाला पडलेलं भोक

आपल्या अंगातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. हाड पक्कं व्हायला कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही लागतात. नुसती वाळू असून भिंत उभी राहत नाही, सिमेंटही हवं, तसं. फॉस्फरस दुधात, डाळीत, धान्यात भरपूर असतो. भाकरी-आमटी खाणाऱ्या लेकराला तो खाण्यातून कमी पडत नाही. मग या मुलांच्या रक्तात तो कमी का?

भाताच्या खाचराला खेकड्याने भोक पाडलं की काय होतं, ते आपण दर पावसाळ्यात बघतो. वरून कितीही पाऊस पडू दे, खाचरात पाणी ठरत नाही. इथे तसंच आहे. आपली हाडं एक संप्रेरक तयार करतात, त्याला एफजीएफ-२३ म्हणतात. ते मूत्रपिंडाला सांगतं की जादा फॉस्फेट लघवीवाटे सोडून दे. या आजारात जन्मतःच एका जनुकात बिघाड असतो. त्या जनुकाचं नाव फेक्स. त्यामुळे हे संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार होतं आणि मूत्रपिंड गरजेचं फॉस्फेटही सोडून देतं. वर आणखी एक नुकसान होतं. हेच संप्रेरक ‘ड’ जीवनसत्त्वाचं कामाचं रूप अंगात तयार होऊ देत नाही. म्हणून साधी ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी कितीही दिली तरी भोक काही बुजत नाही.

उलट त्या पुड्या पुन्हा पुन्हा घेण्यात धोका आहे. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच, अशी डॉक्टर देतात. पाय सरळ होत नाहीत म्हणून दुकानातून आणून ती महिनोन् महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आमच्या ताईंनी हेच केलं होतं. कुणी अडवलं नाही, कारण सगळ्यांना ते ताकदीचं औषध वाटत होतं.

मुलींनाच का झालं?

गावाने ताईंना ज्यावरून दोष दिला, तीच या आजाराची खूण होती. ती समजून घेऊ.

बाईच्या अंगात एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय असतं. आई प्रत्येक मुलाला आपला एक एक्स देते. वडील मुलीला एक्स देतात आणि मुलाला वाय. फेक्स हे जनुक एक्सवर असतं, आणि एका एक्सवर बिघाड असला तरी आजार होतो.

आता हिशोब करा. आजार वडिलांना असेल तर त्यांचा एकुलता एक एक्स बिघडलेला. तो प्रत्येक मुलीला जाणारच, म्हणून सगळ्या मुलींना आजार होतो. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो, म्हणून मुलगा सुटतो. आजार आईला असेल तर तिचा एक एक्स चांगला आणि एक बिघडलेला. मग प्रत्येक बाळंतपणात, मुलगा असो की मुलगी, आजार जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

ताईंचे यजमान बुटके, पाय किंचित वाकलेले. तिशीतच त्यांचे तीन दात गळू होऊन काढावे लागले होते. त्यांच्या आई, म्हणजे सासूबाई, तशाच ठेंगण्या. गुडघे कायम धरलेले आणि चाळिशीतच तोंडाचं बोळकं झालेलं. घरात म्हणायचे, “आमच्याकडे सगळे बुटकेच.” तेव्हा दूध मुलाला दिलं आणि मुलींना दिलं नाही, असं काही नव्हतंच. आजार आजीकडून तिच्या मुलाला आला आणि त्याच्याकडून दोन्ही मुलींना गेला. ताईंचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

सासूबाईंचं रक्त तपासलं तेव्हा त्यांचाही फॉस्फरस कमी निघाला. त्यानंतर त्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं सुनेला बोलले, अन् आलं ते माझ्याकडनंच.” आम्ही त्यांना सांगितलं की दोष तुमचाही नाही. आपला एक्स कुणी निवडून घेत नाही. शिवाय काही घरांत आधी कुणालाच नसतो, बिघाड त्या बाळातच नव्याने होतो. तिथेही दोष कुणाचा नसतो.

ओळखायचं कसं

वाकलेला प्रत्येक पाय म्हणजे आजार नव्हे. चालायला लागलेल्या बाळाचे पाय थोडे बाहेर वाकलेले असणं नैसर्गिक आहे. दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात. मग तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे थोडे आत येतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत तेही ठीक होतं. पण पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका:

दोन वर्षांनंतरही पाय वाकलेलेच आहेत, किंवा बाक वाढतो आहे. मुलाला उताणं झोपवून घोटे जुळवा. दोन गुडघ्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर दाखवा.

मूल उशिरा चाललं, डुलत चालतं, पाय दुखतात म्हणतं, पळायला नको म्हणतं.

उंची वाढत नाही. अंगणवाडी ताईंच्या नोंदीत वजन बरं आणि उंची मात्र मागे, असं दिसतं.

दात किडलेला दिसत नाही, तरी हिरडीला गळू येतं. ही या आजाराची मोठी खूण आहे. दाताचा आतला थर कच्चा राहतो आणि जंतू सहज आत शिरतात.

घरात आणखी कुणी बुटकं, वाकड्या पायांचं, लवकर दात गेलेलं आहे.

आणि शेवटचं, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचा पूर्ण कोर्स होऊनही फरक नाही.

मोठ्या माणसांत हाडं दुखणं, मांडीच्या किंवा पायाच्या हाडाला बारीक चिरा जाणं, सांधे आखडणं, कधी ऐकू कमी येणं, असं दिसतं. आपण ते वय झालं किंवा वात म्हणून सोडून देतो.

तपासण्या

पहिली तपासणी महाग नाही. रक्तातला फॉस्फरस, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक, सोबत त्याच वेळची लघवी आणि हाताच्या मनगटाचा व गुडघ्यांचा एक्स-रे. रक्त शक्यतो उपाशीपोटी द्यावं. या आजारात फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि कॅल्शियम बहुतेक ठीक असतं. रक्तात फॉस्फेट कमी असूनही लघवीत ते जातच असतं, हे डॉक्टर हिशोब करून बघतात.

इथे एक फसगत होते, ती नीट ऐका. मोठ्या माणसाचा फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ असतो. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा तो साधारण ४ ते ६ च्या घरात असायला हवा, कारण त्याची हाडं वाढत असतात. ताईंच्या धाकट्या मुलीच्या जुन्या रिपोर्टवर २.६ लिहिलं होतं, आणि शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली. त्यामुळे खाली रेघ नाही, खूण नाही, म्हणून ‘नॉर्मल’. तो कागद वर्षभर पिशवीत पडून होता. म्हणून रिपोर्ट हातात आला की विचारा, “डॉक्टर, हा आकडा मुलाच्या वयाला बरोबर आहे का?”

फॉस्फरस कमी होण्याची दुसरीही कारणं असतात. मूत्रपिंडाचे काही आजार, काही औषधं, मोठ्या माणसात क्वचित एखादी लहानशी गाठ. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करायचं. जनुकाची तपासणी झाली तर खात्री होते, पण घराणं आणि रिपोर्ट स्पष्ट असतील तर उपचार तिच्यासाठी थांबवून ठेवत नाहीत.

जायचं कुठे? अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. मुडदूस हा त्यांच्या तपासणीच्या यादीतला विषय आहे. ताईंच्या मुलींना पहिल्यांदा तिथल्याच डॉक्टरांनी वेगळं काढलं. तिथून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आणि पुढे पुण्याला मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी मिळते. पुण्यात मुलांच्या संप्रेरकांचे आणि मूत्रपिंडांचे तज्ज्ञ आहेत. जाताना सगळे जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचार

आजार मुळापासून जात नाही, पण लवकर औषध सुरू झालं तर पाय बरेच सरळ होतात, उंची वाढते आणि दुखणं कमी होतं. वाढीचं वय निघून गेल्यावर हाड तेवढं ऐकत नाही.

नेहमीचा उपचार दोन औषधांचा आहे. एक, फॉस्फेटचं द्रावण किंवा पुडी. दोन, ‘ड’ जीवनसत्त्वाचं तयार कामाचं रूप, म्हणजे कॅल्सिट्रिओल किंवा अल्फाकॅल्सिडॉल. साधी पुडी आणि हे औषध वेगळं आहे. फॉस्फेट एकटंच दिलं तर पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडते, म्हणून दोन्ही बरोबर द्यायची असतात.

फॉस्फेट दिवसातून चार ते सहा वेळा द्यावं लागतं, कारण दिलेलं काही तासांत लघवीवाटे निघून जातं. भोक असलेल्या खाचरात दिवसभर थोडं थोडं पाणी सोडत राहायचं, तसंच हे. ते दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका, दोन्ही पोटात एकमेकांना धरून बसतात. चव खारट असते. पोट दुखलं, जुलाब झाले तर औषध बंद न करता डॉक्टरांना विचारून मात्रा वाटून घ्या. ताईंनी फोनवर पाच गजर लावले आहेत. दुपारचा डोस शाळेत पोषण आहाराच्या सुट्टीत बाई देतात. त्यासाठी आम्ही दोघी-तिघी शाळेत जाऊन बोललो. बाईंनी एका बैठकीत ऐकलं आणि लगेच हो म्हणाल्या.

दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी आणि ठरलेल्या अंतराने मूत्रपिंडाची सोनोग्राफी चुकवायची नाही. मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं. फॉस्फरसचा आकडा पूर्ण भरून आला नाही म्हणून आपण औषध वाढवायचं नाही. पाय सरळ होणं, उंची वाढणं, अल्कलाइन फॉस्फेटेज खाली येणं, या सुधारणेच्या खुणा आहेत.

पाय फार वाकलेले असतील तर वाढत्या वयात गुडघ्याजवळ छोट्या पट्ट्या बसवून हाड हळूहळू सरळ वाढू देतात. ही शस्त्रक्रिया औषध चालू असतानाच फळते. औषध न घेता केली तर पाय पुन्हा वाकू शकतात. पाय आवळून बांधणं, जोर लावून मालीश करणं, याने मऊ हाडाला इजाच होते.

आता भोकच बुजवणारं औषधही आलं आहे. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन ते जास्तीचं संप्रेरक अडवतं. २०१८ साली युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मुलांना ते दोन आठवड्यांनी एकदा देतात, आणि त्यासोबत फॉस्फेट व कॅल्सिट्रिओल बंद ठेवतात. परिणाम चांगला आहे, पण किंमत आपल्यासारख्या घरांच्या आवाक्याबाहेर आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात यादीतल्या आजारांना ठरावीक केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय हे त्यातलं एक केंद्र. यादीत वेळोवेळी भर पडते, म्हणून आपल्या डॉक्टरांकडून तिथे चौकशी करायला सांगा. तोवर साधा उपचार सोडायचा नाही. तोही नेमाने घेतला तर काम करतो.

लग्न, बाळंतपण आणि हक्क

या आजारात बुद्धीला काही होत नाही. मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, संसार करू शकते. आजार असलेल्या बाईने दिवस राहिल्यावर डॉक्टरांना आधीच सांगावं आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावं. बाळाचा फॉस्फरस सुरुवातीला ठीक दिसू शकतो, म्हणून पहिल्या वर्षात तो पुन्हा तपासून घ्यावा. पाय वाकण्याआधीच औषध सुरू झालेल्या बाळाला सगळ्यात जास्त फायदा होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचा समावेश आहे. मोठ्या माणसाची उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर तो त्यात मोडतो. पाय आणि सांध्यांच्या अडचणीही वेगळ्या मोजल्या जातात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा.

बैठकीत करायचं काम

पुढच्या बैठकीत तीन कामं करू या. एक, आपल्या वाडी-वस्तीवर दोन वर्षांपुढचं वाकड्या पायांचं मूल आहे का, ते अंगणवाडी ताई आणि आशाताईंबरोबर बघू. दोन, उपचार घेऊनही फरक नसेल तर त्या घराला फॉस्फरसच्या तपासणीची चिठ्ठी मिळवून देऊ. तीन, ‘औषधपाणी’ म्हणून एकाच कारणाला दुसऱ्यांदा कर्ज मागितलं गेलं, तर हप्त्याच्या आधी विचारू, “नेमका आजार काय म्हणाले डॉक्टर?” आम्ही हा प्रश्न चार वर्षं विचारला नाही.

ताईंच्या मुलींना औषध सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. धाकटीच्या गुडघ्यांतलं अंतर निम्म्यावर आलं आहे. थोरलीला कदाचित पट्ट्या बसवाव्या लागतील, पण पाय दुखतात म्हणून ती आता रात्री रडत नाही. तिसऱ्या कर्जाचे दोन हप्ते राहिले आहेत. ताई आता बैठकीत मान वर करून बसतात.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.